हाताला जुळणारा कळफलक : काय घालावे, काय गाळावे



गवंडी आपली थापी स्वतःची बाळगतो. शिंपी आपली कात्री सहसा दुसऱ्याच्या हाती देत नाही. चांभाराची रापी त्याच्याच मुठीला बसलेली असते. हाताने काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कळते, की हत्यार हाताला जुळले तर काम उरकते आणि नाही जुळले तर हातच झिजतो. मग जो माणूस दिवसभर संगणकापुढे बसून अक्षरे टंकतो, त्याचे हत्यार कोणते? त्याचा कळफलक, म्हणजे आपण ज्याला कीबोर्ड म्हणतो तो. तो मात्र आपण दुकानातून जसा मिळेल तसा आणतो आणि बोटे त्याला जुळवून घेतात.

हा कळफलक आपल्या गरजेप्रमाणे घरी बनवता येतो. हौशी लोक जगभर असे लहान कळफलक बनवतात आणि त्यात स्वतःच्या कल्पनेने सोयी घालतात. आमच्या घरीही सध्या एकाची आखणी चालू आहे. पण आमच्याकडे ती हौस नाही, गरज आहे. म्हणूनच यात काय काय घालता येईल, त्यातले काय खरोखर घालावे आणि काय गाळावे, याचा जो विचार आम्ही घरात बसून केला, तो या वेळी आपल्यापुढे ठेवत आहोत.

कोणासाठी?

आमचे धाकटे बंधू एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. तेथे उजव्या हाताची दोन बोटे गेली, तर्जनी आणि मधले. अंगठा, अनामिका आणि करंगळी शाबूत आहेत. डावा हात पूर्ण चांगला आहे. पुढे ते संगणक शिकले आणि आता एका सरकारी कचेरीबाहेर छोटे टेबल टाकून लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, तक्रारी टंकून देतात. एक लॅपटॉप, एक छपाई यंत्र आणि डोक्यावर छत्री, एवढाच पसारा. घर त्यावर चालते. दुपारनंतर उजव्या हाताची करंगळी ठणकायला लागते. ठणका वाढला की वेग घटतो आणि वेग घटला की रांगेतला माणूस शेजारच्या टेबलाकडे वळतो. सगळा प्रश्न इथे आहे.

बंधूंनी मराठीसाठी इन्स्क्रिप्ट पद्धत शिकून घेतली. ही पद्धत भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. ती संगणकात आधीपासूनच असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. हिंदी, गुजराती, बंगाली या भाषांनाही त्याच जागी तीच अक्षरे असतात. पण तिची रचना नीट पाहा. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त हे सगळे डाव्या हाताला. व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. धडधाकट माणसाला यात सोय आहे, कारण एक अक्षर उजवीकडे, त्याची मात्रा डावीकडे, असे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. आमच्या बंधूंना मात्र तीच रचना अवघड जाते. र, क, त, प, ह, ग, द, ज ही रोजची अक्षरे नेमकी दुखऱ्या हाताच्या वाट्याला आली आहेत. त्यात य हे अक्षर तर उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, करंगळीच्या जागी. 'यांसी', 'यांच्या', 'कार्यालय' यातला प्रत्येक य करंगळीच्या जिवावर.

लहान म्हणजे किती लहान?

नेहमीच्या मोठ्या कळफलकावर १०४ कळा असतात. उजवीकडचा आकड्यांचा भाग, मधल्या बाणांच्या वगैरे कळा आणि सर्वांत वरची एफ-कळांची ओळ काढली की सुमारे ६० उरतात. जपानमधील प्राध्यापक एईती वाडा यांच्या कल्पनेतून १९९६ साली निघालेला 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड' ६० कळांचा होता. हौशी लोक याहून खाली जातात. बारा-बारा कळांच्या चार ओळी, म्हणजे ४८ कळांचा कळफलक त्यांच्यात चांगलाच रुळला आहे. आकड्यांची ओळ त्यात नसते. एक कळ दाबून धरली की त्याच कळांवर दुसरा थर येतो आणि आकडे त्या थरात मिळतात.

आमची पुतणी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिचा आग्रह आधी ४८ कळांचाच होता. पिशवीत सहज मावतो, टेबलावर जागा कमी लागते, हे तिचे म्हणणे बरोबर होते. तेव्हा आम्ही कागद घेतला आणि इन्स्क्रिप्टची अक्षरे एकेक करून ४८ चौकोनांत भरून पाहिली. इंग्रजीला २६ अक्षरे पुरतात. मराठीचे तसे नाही. इंग्रजी पी या अक्षराच्या उजवीकडे ज्या तीन कळा असतात, त्यांच्यावर ड, ढ, ञ आणि ऑ बसलेले आहेत. आकड्यांच्या ओळीच्या शेवटी विसर्ग आणि ऋकार आहे. ४८ कळांत या जागाच नाहीत. म्हणजे 'डॉक्टर' लिहिता येत नाही, 'कृपया' येत नाही, 'दुःख' येत नाही. 'आंबेडकर' हे नावसुद्धा थर बदलल्याशिवाय पूर्ण उमटत नाही. आमच्या आई शेजारी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "ज्यात बाबासाहेबांचं नाव सरळ लिहिता येत नाही ते कशाला घरात?" पुतणीने ४८ चा कागद बाजूला ठेवला.

मग हिशेब उलटा केला. मराठीला लागणाऱ्या कळा आधी मोजल्या. आकड्यांच्या ओळीतल्या १२, त्याखालच्या ओळीतल्या १३, मधल्या ओळीतल्या ११ आणि खालच्या ओळीतल्या १०, अशा ४६ झाल्या. त्यांवर मोकळी जागा, मागे खोडणे, एन्टर, दोन शिफ्ट, थर बदलणाऱ्या दोन, कंट्रोल, ऑल्ट, टॅब, एस्केप आणि एक भाषा बदलणारी, अशा १२. एकूण ५८ कळा. एवढ्यात मराठीचे एकही अक्षर गाळावे लागत नाही. ज्या कोणाला मराठीसाठी लहान कळफलक बनवायचा असेल, त्याने हा ४६ चा आकडा ध्यानात ठेवावा.

आत काय असते?

कित्येकांना वाटेल, हे काम कारखान्याचे आहे. तसे नाही. प्रत्येक कळेखाली एक छोटा स्विच असतो. हौशी लोक वापरतात त्या स्विचला पत्र्यात १४ मिलिमीटर लांबी-रुंदीचे चौकोनी भोक लागते आणि दोन कळांच्या मध्यांतले अंतर १९.०५ मिलिमीटर असते. पत्रा १.५ मिलिमीटर जाडीचा असला की स्विच त्यात खटकन बसतो. पत्रा, भोक, माप, कानस हे शब्द आमच्या बंधूंना सांगावे लागत नाहीत.

५८ स्विचला ५८ वेगळ्या तारा जोडत नाहीत. आडव्या ओळी आणि उभे स्तंभ असे जाळे करतात. ६ ओळी आणि १० स्तंभ घेतले तर ६० जागा होतात आणि जोडण्या फक्त १६ लागतात. प्रत्येक स्विचसोबत एक डायोड लावायचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाते. तो नसेल तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांच्या कळा एकदम दाबल्यावर चौथी न दाबताच दाबल्यासारखी वाटते आणि नको ते अक्षर उमटते. या सगळ्याचा मेंदू म्हणून एक छोटी पट्टी पुरते. 'रास्पबेरी पाय पिको' नावाची पट्टी जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलर किमतीला बाजारात आली. तिला वापरता येतील अशा २६ जोडण्या आहेत. आमच्या १६ गेल्यावर १० उरतात. जास्तीच्या सोयी घालायच्या त्या या दहांत.

त्या पट्टीत भरायचा कार्यक्रमही फुकट मिळतो. क्यू.एम.के. नावाचा हा कार्यक्रम लोकांनी मिळून लिहिला आहे आणि तो कोणालाही वापरता येतो, बदलता येतो. कोणती कळ दाबली की काय व्हावे, हे त्यात आपण ठरवायचे.

यादी

एका रविवारी जेवणे झाल्यावर आम्ही सगळे बसलो. ज्याला जे सुचेल ते त्याने सांगावे, कोणी कोणाला हसू नये, पुतणीने लिहून घ्यावे, असे ठरले. अठरा-वीस सूचना आल्या. मग प्रत्येकीपुढे तीनपैकी एक शब्द लिहिला : रोज, कधीमधी, शोभा. त्यातल्या मुख्य सूचना अशा.

चिकट शिफ्ट. ख, घ, थ, ध, भ, श, ण, ळ या सगळ्यांना शिफ्ट लागते. नेहमीच्या कळफलकावर शिफ्ट दाबून धरावी लागते आणि दुसऱ्या बोटाने अक्षर दाबावे लागते. दोन बोटे कमी असलेल्या माणसाला तेथेच हात पिळावा लागतो. क्यू.एम.के.मध्ये अशी सोय आहे की शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी पुढच्या एका अक्षराला ती लागू होते. धरून ठेवली तर नेहमीसारखीच चालते. यापुढे 'रोज' असा शेरा सर्वांनी एकमताने मारला.

शिफ्टची जागा. वहिनी शिवणकाम करतात. त्या म्हणाल्या, "अहो, मशीनला असतं तसं पायडल का नाही लावत? हात मोकळे राहतील." कल्पना चांगली होती. पायाखालचा स्विच हा जाळ्यातला आणखी एक स्विचच असतो, त्याला वेगळे काही लागत नाही. बंधू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाय नको." तो प्रेस पायडलचा होता. वहिनींच्या ध्यानात आले, त्यांनी विषय पुढे नेला नाही. पुतणीने ती ओळ खोडली आणि शिफ्ट उजव्या अंगठ्याखाली आणली. अंगठा हे हातातले सर्वांत दणकट बोट. नेहमीच्या कळफलकावर दोन्ही अंगठे मिळून एकच लांब कळ दाबतात. आमच्या आखणीत उजव्या अंगठ्याला शिफ्ट आणि मागे खोडण्याची कळ, डाव्याला मोकळी जागा आणि थराची कळ, असे काम वाटून दिले आहे.

उजवा भाग तिरका. पत्रा एकच ठेवायचा, पण उजव्या हाताच्या कळांचा गट थोडा फिरवायचा, म्हणजे अनामिका सरळ र आणि क यांच्यावर येते आणि करंगळीला य साठी लांब जावे लागत नाही. एफ आणि जे या कळांवर बोटांना जागा कळावी म्हणून बारीक उंचवटा असतो. आमच्या बंधूंची तर्जनी नसल्यामुळे उजवीकडचा उंचवटा अनामिका जेथे टेकते त्या कळेवर द्यायचा. खर्च शून्य, उपयोग रोजचा.

आरसा. एका हाताने टंकण्याचा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे संगणकाचे जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक दाखवले, त्यात एका हातासाठी पाच कळांचा संच होता. अनेक कळा एकदम दाबून अक्षर काढायचे. पुढे १९९३ साली एडगर मटियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी युक्ती मांडली. एक कळ धरली की उजवी बाजू आरशात पाहिल्यासारखी डावीकडे यावी. ज्याची बोटे दोन हातांनी टंकायला शिकली आहेत, त्याला नवे काही पाठ करावे लागत नाही, कारण जे बोट उजवीकडे चालायचे तेच बोट डावीकडे चालते. इन्स्क्रिप्टमध्ये ही युक्ती लावली तर डाव्या हाताच्या मधल्या ओळीवर त, क, र, प ही अक्षरे येतात आणि कळ सोडली की त्याच जागी पुन्हा मात्रा येतात. क्यू.एम.के.मध्ये ही सोय तयार आहे.

मूळ युक्तीत मोकळ्या जागेची लांब कळच आरशाचे काम करते. टिचकी मारली तर जागा, धरून ठेवली तर आरसा. दोन्हींतली सीमा नेहमी २०० मिलिसेकंद धरतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. भराभर टंकणाऱ्याच्या हातून तेथे घोटाळा होतो, जागा हवी असते आणि अक्षरे उलटतात. अर्जात नाव चुकले तर माणसाला पुन्हा हेलपाटा. म्हणून आरशाला वेगळी कळ दिली. तो दिवसभर वापरायचा नाही. ठणका सुरू झाला की तासभर उजव्या हाताला विसावा द्यायचा, एवढ्यासाठीच. नाहीतर उजव्याचे दुखणे डाव्याला जडेल.

जोडकळा. दोन कळा एकदम दाबल्या तर एक पूर्ण शब्द उमटावा, ही सोय. एकदम म्हणजे ५० मिलिसेकंदांच्या आत. इंग्रजीत ही अवघड जाते, कारण कोणतेही दोन शेजारचे वर्ण भरभर दाबले की चुकून शब्द उमटतो. मराठीत आम्हाला एक सोपी वाट सापडली. डाव्या हाताच्या कळांवर मात्रा आहेत आणि मराठीत एका मात्रेला लागून दुसरी मात्रा येत नाही. म्हणून दोन मात्रांची जोडी टंकताना सहज पडत नाही. मात्र 'बाई', 'जाऊ', 'होऊन', 'सुई', 'पिऊन' यांत मात्रेपुढे पूर्ण स्वर येतो आणि तो त्याच कळांवर शिफ्ट लावून असतो. त्या जोड्या वगळल्या. ओकार-एकार, वेलांटी-उकार आणि औकार-ऐकार या तीन जोड्या निर्धोक निघाल्या. पहिलीला 'आहे', दुसरीला 'आणि', तिसरीला 'यांच्या' दिले. 'यांच्या' मधले दोन य करंगळीचे वाचले. ही सोय फक्त मराठीच्या थरात चालू ठेवायची, इंग्रजीत नाही.

ठरलेले मजकूर. 'विषय', 'महोदय', 'वरील विषयास अनुसरून', 'आपला विश्वासू' ही वाक्ये दिवसातून कितीदा लिहावी लागतात! थर बदलून एक कळ दाबली की पूर्ण वाक्य उमटेल असे करता येते. येथे एक सावधगिरीची गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. कळफलकात साठवलेला मजकूर उघडा असतो, ज्याच्या हाती तो पडेल त्याला तो एका कळेत मिळतो. पुतणीच्या एका मैत्रिणीने त्यात पासवर्ड ठेवण्याची कल्पना सुचवली होती. ती आम्ही नाकारली. पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक यांतले काहीही कळफलकात ठेवू नये. दुसऱ्यांचे कागद हाताळणाऱ्याने तर मुळीच नाही.

माऊसची कामे. माऊस उजव्या हाताचा आणि त्याची मुख्य कळ तर्जनीची. हे दुखणे आम्ही विसरलो होतो असे नाही, पण उपाय कळफलकातच असेल हे कोणाच्या मनात आले नव्हते. एका थरात चार कळांनी पडद्यावरचा बाण हलवता येतो आणि पाचवीने टिचकी मारता येते. शिवाय डाव्या कोपऱ्यात एक फिरती गोल मूठ बसवायची. रेडिओच्या बटणासारखी ती फिरवली की लेखनाची खूण एकेक शब्द पुढे-मागे जाते. हौशी लोक तिचा उपयोग आवाज कमी-जास्त करण्यासाठी करतात, आम्हाला चुका दुरुस्त करायला ती हवी. तिला दोन जोडण्या लागतात आणि तिचे दाबण्याचे बटण जाळ्यात उरलेल्या दोन जागांपैकी एकीत बसते.

भाषेचा दिवा. मराठी चालू आहे की इंग्रजी, हे न कळल्याने अर्धी ओळ वाया जाते. पुतणीला त्यासाठी एक इवला पडदा बसवायचा होता. पण संगणक कळफलकाला फक्त कॅप्स लॉक, नम लॉक यांसारख्या गोष्टी कळवतो, भाषा कोणती चालू आहे हे कळवत नाही. पडद्यावर 'मराठी' दिसेल आणि उमटेल इंग्रजी, असे होऊ शकते. त्यावर उपाय असा निघाला. विंडोजमध्ये प्रत्येक भाषेला वेगळी ठरावीक जोडणी नेमून देता येते. मग भाषेची कळ एकदा दाबली की नेहमी मराठीच, लागोपाठ दोनदा दाबली की नेहमी इंग्रजीच. अदलाबदलीचा गोंधळ उरत नाही. सोबत दोन छोटे दिवे, निळा मराठीचा, पांढरा इंग्रजीचा. पडदा गळाला.

रंगीत रोषणाई. प्रत्येक कळेखाली रंगीत दिवा, ही पुतणीची हौस. आम्ही तिलाच हिशेब करायला सांगितले. असा एक दिवा पूर्ण पांढऱ्या प्रकाशात सुमारे ६० मिलिअँपिअर वीज घेतो. ५८ दिव्यांचे ३,४८० होतात. लॅपटॉपच्या साध्या यू.एस.बी. जागेतून ५०० मिळतात. आणि लॅपटॉप तर दिवसभर बॅटरीवर चालतो. तिनेच 'शोभा' असे लिहून ओळ खोडली.

बिनतारी जोडणी. टेबल सुटसुटीत दिसेल, पण आणखी एक बॅटरी भरायची चिंता. वायरच बरी. मात्र पट्टीवरची वायरची खाच नाजूक असते, रोज काढ-घाल केली की ती निखळते. म्हणून वायर आत पक्की आवळायची आणि दुसऱ्या टोकाकडूनच काढायची.

आवाज. काही स्विच मुद्दाम टकटक वाजणारे असतात. दहा बाय बाराच्या खोलीत रात्री काम करताना ते नकोत, शेजारच्या घरात परीक्षेची मुले झोपलेली असतात. न वाजणारे, हलके स्विच घ्यायचे. ते न डाखता बसणाऱ्या खोबणीत घातले की एखादा बिघडला तर टेबलावर बसल्या जागी उपटून दुसरा बसवता येतो. धंद्याचे हत्यार एक दिवसही बंद पडून चालत नाही, म्हणून हा खर्च आम्ही मान्य केला.

अक्षरे. हौशी लोक कोऱ्या कळा लावतात. आम्ही त्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरे ठेवणार आहोत. बंधू आजारी पडले तर वहिनींना किंवा पुतणीला त्या टेबलावर बसता आले पाहिजे.

अक्षरांच्या जागा बदलाव्या का?

सर्वांत मोठा वाद यावर झाला. पुतणीचे म्हणणे, कार्यक्रम आपल्या हातात आहे, तर त आणि क सरळ डाव्या हाताला आणू. य वर आणू. बंधूंनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "उद्या हा कळफलक बिघडला, चोरीला गेला, किंवा एखाद्या कचेरीत काम मिळालं आणि तिथं तिथलाच घ्यावा लागला, तर मी काय करू? पुन्हा पहिलीपासून शिकू?" लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठीचे मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचे ४० शब्द असा वेग मागतात. तो वेग बोटांच्या सवयीतून येतो आणि ती सवय जगात सगळीकडे चालली पाहिजे. माणूस एका हत्याराला बांधला गेला तर ती सोय त्याला पांगळे करते.

त्यातून आम्ही एक नियम काढला. अक्षरे जेथे आहेत तेथेच राहतील. वर जी सोय घालायची ती काढून घेतली तरी खाली नेहमीचा कळफलक शिल्लक राहिला पाहिजे. शिफ्ट अंगठ्याकडे गेली तरी डाव्या करंगळीजवळची जुनी शिफ्ट तशीच आहे. जोडकळा नसल्या तरी 'आहे' तीन अक्षरांनी लिहिता येते. आरसा नसला तरी काम चालते, फक्त हळू चालते. हा नियम ठरल्यावर बाकीचे वाद आपोआप मिटले.

आधी पुठ्ठा, मग पत्रा

अजून एकही स्विच आम्ही विकत घेतलेला नाही. आधी पुठ्ठ्यावर १९ मिलिमीटरचे चौकोन आखून ५८ कळा काढल्या, अक्षरे लिहिली, उजवा गट कापून वेगळा केला. बंधू रोज रात्री पंधरा मिनिटे त्या पुठ्ठ्यावर एक जुना अर्ज 'टंकतात'. बोट जेथे अडते तेथे पुतणी पेन्सिलीने खूण करते. आतापर्यंत उजवा गट दोनदा फिरवला, अंगठ्याच्या कळा एकदा खाली घेतल्या. पुठ्ठ्याला खर्च नाही. पत्रा एकदा कापला की कापला.

आमची एकूण बेरीज आता अशी आहे. ५८ कळा, एक मूठ, दोन दिवे. जोडण्या १६, २ आणि २, मिळून २०. पट्टीच्या २६ पैकी ६ मोकळ्या राहतात. त्या मोकळ्याच ठेवायच्या असे बंधूंनी सांगितले आहे. सहा महिने वापरल्यावर हातच सांगेल, काय कमी आहे ते.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येक जण न्यायालयाबाहेर, तहसीलबाहेर, छापखान्यात, नोंदणीच्या दुकानात दिवसभर कळा बडवतात. कित्येकांच्या मनगटात, बोटात, खांद्यात दुखणे घर करून आहे आणि ते वयाचे म्हणून सोडून देतात. दुखणे नेमके कोणत्या बोटात आहे आणि ते बोट कोणती कळ दाबते, एवढे आठवडाभर कागदावर टिपून पाहा. उत्तर कधी नव्या कळफलकात सापडेल, कधी आहे त्याच कळफलकाची शिफ्ट चिकट करण्यात सापडेल. विंडोजमध्ये तशी सोय फुकट आहे, 'स्टिकी कीज' नावाने. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ती चालू करायची का, असे संगणक स्वतःच विचारतो. आजच करून पाहा.

आणि आमच्या यादीत काही राहिले असेल, किंवा घातलेले काही आपल्याला निरुपयोगी वाटत असेल, तर अवश्य पत्र लिहा. पत्रा कापायला अजून अवकाश आहे. लिहिताना आपण काय काम करता आणि कोणत्या बोटाने कोणती कळ दाबता, तेवढे मात्र जरूर कळवा.